डाव्या बाजूची फिल्म

मित्रांनो, मला पाहून कोणाला आनंद झाल्याचे मला आठवत नाही. मी दवाखान्याच्या भिंतीवरची दिव्याची जुनी पेटी आहे. पत्र्याचा खोका, आत दोन ट्यूब, पुढे दुधी काच आणि एक्स-रेसारख्या फिल्म अडकवायला चिमटे, एवढाच माझा संसार. ज्या कारागिराने मला जोडले त्याने बटण दाबून पाहिले, "लागली एकदाची," असे म्हटले आणि तो जेवायला निघून गेला. माझे कौतुक झाले ते तेवढेच.

मला टांगले ते कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत. त्यांच्याकडे लिम्फोमाचे, म्हणजे गाठींच्या कॅन्सरचे रोगी येत. त्यांना सलाइनमधून केमोची जालीम औषधे देत. ती लागू पडताहेत की नाही, हे वरून कळत नाही. म्हणून रोग्याला किरणे सोडणारी थोडी साखर टोचतात आणि पेट स्कॅन, म्हणजे साऱ्या अंगाचा फोटो, काढतात. रोग असतो अधाशी. तो ती साखर ओरपतो आणि फिल्मवर तिथे काळा डाग उमटतो. माझ्या डाव्या बाजूला औषधाआधीची फिल्म लावायची, उजव्या बाजूला नंतरची. जुना डाग पुसट झाला तर औषध बरोबर. नव्या जागी डाग आला तर औषध बदलायचे, आणि तेही लगेच.

एकदा एक शिंपी आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन आला. आईबाप लवकर गेले, तेव्हापासून तिला त्यानेच वाढवले होते. तो कापड बेतायचा, ती काजे-बटणे करायची. दोन केमो झाल्यावर तिच्या मानेतल्या गाठी बसल्या होत्या आणि दादाला आभाळ ठेंगणे झाले होते.

बाईंनी नवी फिल्म उजवीकडे लावली. मान स्वच्छ होती. पोटात मात्र वाटाण्याएवढा डाग होता. तो आधीही होता का, हे इतक्या रोग्यांत बाईंना आठवेना.

"आधीची फिल्म कुठंय?"

शिंपी गोरामोरा झाला. "घरी राहिली, बाई."

खरे तर ती घरी धड राहिलीच नव्हती. गाठी बसलेल्या पाहून त्याला वाटले, आता ते दुखणे कशाला जपून ठेवायचे? फिल्म जाड आणि गुळगुळीत, तिच्या कडा मुडपत नाहीत. त्याने कापड आखायला तिचे कॉलरचे आणि खिशाचे साचे कापले होते. रिपोर्टचा कागदही कुठेतरी गेला होता आणि पहिला स्कॅन जिथे झाला ते केंद्रच बंद पडले होते.

"पोटात आधी काही होतं का?" बाईंनी विचारले.

त्याने बहिणीकडे पाहिले. "होतं की. याच्यापेक्षा मोठं होतं."

त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हते. बाहेर पन्नास माणसे ताटकळत होती. बाई क्षणभर माझ्या रिकाम्या डाव्या बाजूकडे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे कमी होतंय. हेच औषध चालू ठेवू. पुढच्या वेळी फिल्म नक्की आणा."

मी जिवाच्या आकांताने उजेड पाडत होते, पण उजेडाला बोलता येत नाही. त्या दिवसाचा राग मला अजून आहे, शिंप्याचा, बाईंचा आणि माझाही.

दोन महिन्यांनी ती आली तेव्हा पोट फुगले होते, गालफडे बसली होती. तिच्या हातात कापडी पिशवी होती. दुकानातल्या खिळ्याला टांगलेल्या साच्यांवर तिला आपल्या नावाची अर्धी अक्षरे दिसली होती. बाईंनी ते तुकडे चिकटपट्टीने माझ्या डाव्या बाजूला जोडले. कॉलरच्या साच्यात मानेचे काळे डाग आले. खिशाच्या साच्यात पोट आले. पोट अगदी कोरे होते.

"दादा, तू तर होतं म्हणालास."

"मला वाटलं, होतं म्हटलं की त्या कमी झालं म्हणतील," शिंपी म्हणाला. "तुला बरं वाटेल."

बाई खुर्चीत बसल्या. "मी फिल्म न बघता पुढं जायला नको होतं," त्या म्हणाल्या. "चूक माझीही आहे."

औषध त्याच दिवशी बदलले. पण मधल्या दोन महिन्यांत रोगाने मोकाट हातपाय पसरले होते. तिसऱ्या महिन्यात ती गेली.

त्यानंतर शिंपी एकदाच आला, एकटा. दुकानातले सगळे साचे त्याने आणले होते. लोकांनी रद्दीत टाकलेल्या किती फिल्म त्यांत होत्या, कोण जाणे. "यातलं कुणाचं काही लागत असेल तर बघा," तो म्हणाला. बाईंनी एकेक तुकडा माझ्यावर लावून पाहिला. कोणाचा कोणता, हे एकाचेही कळले नाही. तिचा तो खिशाचा तुकडा तेवढा तो परत घेऊन गेला.

आता सगळे कॉम्प्युटरवर दिसते. मी अडगळीत आहे आणि माझी उजवी ट्यूब गेली आहे. डावी कोणी लावून पाहिलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी आजारी असेल तर त्याच्या जुन्या फिल्म पाकिटात घालून जपा, दुखणे बरे झाले तरी जपा. आणि डॉक्टरांनी विचारलेले तुम्हाला ठाऊक नसेल, तर समोर बसलेले माणूस कितीही लाडके असो, 'माहीत नाही' एवढेच म्हणा. त्या शिंप्याने तेवढे म्हटले असते, तर बाईंनी माझी डावी बाजू भरल्याशिवाय त्याला जाऊ दिले नसते.