सहावा बोल्ट

जावयाला यात काय मिळणार, हे वीरण्णांनी आधी मोजलं. मल्लिनाथ रेणापूरहून आपली जीप घेऊन आला होता आणि लातुरात, सासऱ्याच्या अंगणात, त्यांच्या तसल्याच जीपच्या पुढच्या एका चाकाचा हब बदलत होता. तेही फुकट! म्हणजे डोळा आपल्या आडत दुकानाच्या भागीदारीवर.

माणूस पारखायचा म्हणून वीरण्णांनी ताटात काढून ठेवलेल्या हबच्या सहा बोल्टांतला एक गुपचूप बंडीच्या खिशात टाकला. खरा असला तर सांगेल, लबाड असला तर पाचांवर भागवेल.

मल्लिनाथनं ताट चाचपलं, जीपखाली वाकून शोधलं, पण बोलला काहीच नाही. पाना घेऊन फाटकाबाहेर गेला, परत आला आणि चाकाशी बसला.

"झालं, मामा."

"समदे बोल्ट बसवले का, जावईबापू?"

"हाव की. सहाच्या सहा."

सापडला लबाड! वीरण्णांनी बोट ठेवून मोजलं. सहा. पुन्हा मोजलं. तरी सहाच, आणि त्यातला एक चिखलानं माखलेला.

ते तडक फाटकाबाहेर गेले. जावयाच्या जीपच्या हबला एक भोक रिकामं होतं. ते तसेच अंगणात परतले.

"एक माझ्या हातून हरवला, मामा," मल्लिनाथ ओशाळून म्हणाला. "मग भरायचा बी मीच की."

ओसरीवरून सासूबाई गंगम्मा ओरडल्या, "आवो, बंडीत काय खुळखुळून राहिलंय तुमच्या?"

वीरण्णांनी खिशात हात घातला. बोल्टाबरोबर दुकानाची किल्लीही बाहेर आली, आणि दोन्ही त्यांनी जावयाच्या हातावर ठेवली.

बोल्ट जावयानं भरला होता. त्याची किंमत सासऱ्यानं निम्म्या दुकानानं चुकती केली.