नणंदेची वाक्यं

पाळकसाहेबांनी चर्चच्या मंडळीत सांगून टाकलं होतं: येत्या रविवारी प्रत्येकानं उभं राहून साक्ष द्यायची, आठवडाभरात प्रभूविषयी कोणाशी बोललात ते सांगायचं. तेव्हापासून वहिनी रविवारला किती दिवस उरले ते मोजत होती. कपडे दुरुस्तीच्या दुकानात ती बटणं, चेनी, उसवलेल्या शिवणी बघायची. गिऱ्हाइकाशी तिचं बोलणं म्हणजे "कधी हवंय?" एवढंच, आणि तेही शिवणीकडे बघत.

नणंदेचं उलट. ती इस्पितळात नर्स होती. सलाईन लावता लावता प्रभूची सुवार्ता सांगायची, आणि लोक ऐकायचेही, कारण तिच्या आवाजात मायाच तशी होती. तिनं वहिनीला सरळ वाक्यं पाठ करायला लावली.

"अगं, बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं! नीट ऐक. 'वरून बोलावणं आलं तर तुमची तयारी आहे का? वेळ थोडा आहे.' झालं. तुमच्या इस्त्रीवाल्या मामांपासूनच सुरुवात कर. परवा ते आमच्याकडेच ॲडमिट होतायत."

मामा वहिनीच्या समोरच्या टेबलावर इस्त्री करायचे. बायको गेलेली, मुलगी लांब दिलेली. गठ्ठे उचलून उचलून हर्निया झाला होता. ऑपरेशन साधं आहे, पण टाळलंत आणि आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामा एवढे भित्रे की वहिनी सुई ओवायला लागली तरी मान फिरवायचे. त्यांना तयार करता करता सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी दुकान रिकामं होतं. वहिनीनं उसनं अवसान आणलं, उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "मामा, वरून बोलावणं आलं तर तुमची तयारी आहे का?"

मामांचा हात जागीच थांबला. इस्त्रीखालची कॉलर करपल्याचा वास आला.

"तुमच्या नणंदबाई काही बोलल्या का?"

"हो, तिनंच सांगितलं तुमच्याशी बोल म्हणून. वेळ थोडा आहे."

मामा पांढरेफटक पडले. त्यांनी प्लग काढला आणि ते तडक घरी निघून गेले.

"बघ, शब्द काळजाला लागला," नणंद संध्याकाळी खूश होऊन म्हणाली. वहिनीला मात्र त्यांचा तो चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. जेवण गेलं नाही, झोपही आली नाही.

सकाळी ती दुकानात आली, तर मामा टेबलाशी उभे. अकराला त्यांना इस्पितळात पोचायचं होतं.

"मी नाही जात," ते म्हणाले. "डॉक्टर माझ्या तोंडावर साधं म्हणतात आणि खरं काय ते नर्सला सांगतात. मरायचंच तर इथं इस्त्रीपाशी मरेन."

वहिनी घाईघाईनं म्हणाली, "अहो, नाही हो मामा! तसं काही नाही. ते आम्ही सगळ्यांनाच विचारतो."

"सगळ्यांना? म्हणजे तिथून कोणीच परत येत नाही?"

जितकं सावरायला जावं तितकं बिघडत होतं. नणंदेला फोन करावा, तर तिचा नुसता आवाज ऐकून मामा पळाले असते. वहिनी मटकन खाली बसली. पुढ्यात एक कोट होता. हातांनी सवयीनं सुई उचलली. ओठ हलायला लागले.

"इतकी वर्षं बघतोय," मामा तिच्या ओठांकडे बघत म्हणाले. "टाके मोजता का?"

"नाही."

"मग?"

"ज्याचा कपडा, त्याच्यासाठी प्रार्थना करते. प्रभू, ह्याला सांभाळ, एवढीच."

"प्रत्येकासाठी?"

"त्या भांडकुदळ बाईंच्या कोटासाठीसुद्धा. हा त्यांचाच आहे."

मामांना हसू आलं, पण टिकलं नाही. "आणि माझ्यासाठी?"

"तुमचा कपडा माझ्याकडे कधी आलाच नाही." वहिनीनं सुई कोटात टोचून ठेवली. "नवीन रीळ लावते ना, तेव्हा तुमच्यासाठी करते. मामा, मला डॉक्टरांचं काही म्हणजे काही माहीत नाही. कालची वाक्यंसुद्धा माझी नव्हती. तुम्ही गेला नाहीत तर काय होईल, ह्याचीच मला भीती वाटते."

"आणि तुमचा प्रभू ऐकतो?"

"ऐकतो. मला बोलता येत नाही, तरी ऐकतो."

मामांनी आपल्या शर्टाकडे पाहिलं. इस्त्रीवाल्याचाच शर्ट तो, सगळी बटणं जागच्या जागी. त्यांनी टेबलावरची कात्री घेतली, छातीवरचं एक बटण कापलं आणि तिच्यासमोर धरलं.

"अंगावरच लावा. अकराला पोचायचंय."

वहिनीनं सुई ओवली. सुई छातीशी आली, पण मामांनी मान फिरवली नाही.

"आणि ताई," ते म्हणाले, "ते जे म्हणता ना, ते जरा मोठ्यानं म्हणा."