ओढली की सुटणारी गाठ

कंपाउंडर निवृत्त झाला तेव्हा त्याला वाटलं होतं, जनावरांशी आपला संबंध आता संपला. चौतीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात सुया उकळल्या, शेपट्या धरल्या, लाथा खाल्ल्या, पुरे झालं. पण सहा महिने होतात न होतात तोच आपत्ती विभागाचे एक साहेब दारात हजर. पुरात माणसं वाचवायला पथक आहे, जनावरांना कोणी वाली नाही, तेव्हा नदीकाठच्या लोकांमधूनच स्वयंसेवक तयार करायचे आणि त्यांना तुम्ही शिकवायचं, असं ते म्हणाले. कंपाउंडरने आधी आढेवेढे घेतले. मग साहेबांनी बोलता बोलता दोनदा त्याला 'सर' म्हटलं आणि गडी विरघळला. जन्मभर दुसऱ्यांना सर म्हणत आलेल्या माणसाचं यापुढे काही चालत नाही.

वर्ग भरायचा शाळेच्या वरच्या मजल्यावर, दर रविवारी. बारा जण यायचे. गाय म्हणून बाक, शेळी म्हणून खुर्ची, आणि चावरा कुत्रा म्हणून सुतार. सुताराला ते काम कोणी दिलं नव्हतं, त्याने आपणहून घेतलं होतं. बाकाखाली शिरून तो असा काही गुरगुरायचा की गोणपाट घेऊन त्याला पकडायला आलेली मास्तरीणबाई खरोखरच मागे सरायची. मास्तरीणबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेली, अकरा शेळ्या पाळणारी. बाराव्या विद्यार्थिनीचं नाव सांगायची गरज नव्हती, कारण ती सरांची सख्खी बहीण होती. पन्नाशी ओलांडली तरी सगळ्यांच्या तोंडी 'धाकटी'च. नवरा गेल्यापासून सात गाई हाच तिचा संसार. मुलगा होता, पण तो दूरच्या शहरात, फोनवर. गाईंना ती 'माझ्या पोरी' म्हणायची आणि फोनवरच्या मुलापेक्षा त्यांच्याशी जास्त बोलायची.

कंपाउंडरचे नियम कडक होते. पाणी कमरेला लागलं की आत कोणीही असो, बाहेर पडायचं. धारदार वस्तू जवळ बाळगायची नाही. हा नियम खरं तर साहेबांचा होता, छापून आला होता, कारण कुठेतरी कोणीतरी स्वतःचाच हात कापून घेतला होता. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गळ्यात घालायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या गोठ्यात आपण जायचं नाही. "आपलं जनावर दिसलं की माणूस खुळा होतो," कंपाउंडर सांगायचा. "त्याला पाणी दिसत नाही, काही नाही. म्हणून तुमचा गोठा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तुमच्याकडे." त्याप्रमाणे यादी झाली. मास्तरीणबाईला पोहता येत नव्हतं, तिच्या शेळ्या धाकटीकडे आल्या. धाकटीच्या गाई सुताराकडे गेल्या.

मग गाठ. चौतीस वर्षांत कंपाउंडरने बांधलेल्या जनावरांचे हाल पाहिले होते. पुरात जनावर पाण्याने मरत नाही, दावणीने मरतं, हे त्याने फळ्यावर लिहायचं तेवढं बाकी होतं. म्हणून त्याने सगळ्यांना ओढली की सुटणारी गाठ शिकवली. दोर कडीतून घ्यायचा, त्याचाच फास करायचा आणि टोक लोंबतं ठेवायचं. ते टोक धरून एक हिसका दिला की गाठ गायब. दोन रविवार बाकांच्या पायांना दोर बांधून सगळे हिसके देत बसले. त्यातही सुताराचा हात सर्वांत चपळ. डोळे बांधून त्याने दहा बाक सोडून दाखवले आणि अकराव्याला भुंकला.

पुढच्या एका रविवारी धाकटी तणतणत आली. "दादा, तुझी गाठ माझ्या चोरटीने सोडली."

चोरटी ही तिची चौथी गाय. लोंबतं टोक दिसलं की दातात धरून ओढायची, मोकळी व्हायची आणि शेजाऱ्याच्या कोबीवर ताव मारायची. एका आठवड्यात तिने तीनदा हा उद्योग केला होता.

"मग मी काय केलं, बघ." धाकटीने बाकाला दोर बांधला आणि लोंबतं टोक उचलून फासातून आरपार घातलं. "आता ओढ म्हणावं भवाने!"

कंपाउंडरने टोक ओढून पाहिलं. गाठ सुटली नाही, उलट आवळली. आधी टोक फासातून मागे काढायचं, मगच ओढायचं, तरच सुटत होती. वर्ग हसला, कंपाउंडरही हसला. "माझी बहीण आहे, हुशार असणारच," असं म्हणाला आणि पुढच्या धड्याकडे वळला.

त्या रविवारी सुतार आला नव्हता. कोणाचं तरी दार बसवायला गेला होता.

पाणी आलं एका बुधवारी, सकाळी नऊ वाजता, लख्ख उन्हात. पाऊस वर कुठेतरी पडला होता आणि धरणाचे दरवाजे एकदम उघडावे लागले होते. भोंगा झाला. कंपाउंडर शाळेच्या वरच्या मजल्यावर यादी आणि फोन घेऊन बसला, कारण तशीच योजना होती. बाराही जणांचे फोन आले. एकही जण यादी सोडून गेला नाही. त्याला स्वतःच्या शिकवण्याचा अभिमान वाटला, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

धाकटीचा फोन आला. "मी निघाले मास्तरीणबाईकडे. माझ्या पोरी सुताराकडे आहेत ना?"

"आहेत. पोचतोय तो."

"बरं," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

पावणेदहाला सुताराचा फोन. आवाज धापा टाकणारा, पण खुशीत. "पोचलो सर. गुडघ्याला पाणी आहे. सातही जणी उभ्या आहेत. पाच मिनिटांत हाकलतो." फोन त्याने गळ्यातच चालू ठेवला. कंपाउंडरला पाण्याचा आवाज ऐकू येत होता, आणि हंबरणं.

"सर, सुटत नाहीये."

"टोक ओढ."

"ओढतोय हो. ओढलं की आणखीच आवळतंय."

"हिसका दे, जोरात."

"देतोय!" आणि मग थोड्या वेळाने, "दुसरीचंही तसंच. सर, ही कसली गाठ आहे?"

कंपाउंडर खुर्चीतून उठला. त्याला बाक दिसला, बहिणीचे हात दिसले, आणि आपण हसलो तेही. एका चोरटीसाठी शोधलेली युक्ती धाकटीने सातही जणींना लावली होती. एकीला एक गाठ नि दुसरीला दुसरी, असं कोण लक्षात ठेवतं? आणि सुताराने काय केलं होतं, तर त्याला शिकवलं तेच, अगदी मन लावून. प्रत्येक हिसक्यासरशी गाठ दगड होत गेली होती.

"ओढू नकोस!" तो ओरडला. "टोक फासातून घातलंय. आधी ते मागे काढ. मग ओढ."

"दिसत नाहीये, पाण्याखाली आहे. कड्या खाली आहेत." बुडबुड आवाज आला, मग खोकला. "थांबा. सापडलं. गेली! एक गेली बाहेर!"

"पाणी किती?"

"मांडीला."

कंपाउंडरने दुसऱ्या फोनवर साहेबांना होडी मागितली. होड्या माणसं काढताहेत, जनावरांसाठी दुपारनंतर बघू, साहेब म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं. त्या दिवशी कोणाचंच चुकत नव्हतं, आणि तेच कंपाउंडरला सहन होत नव्हतं. कोणावर तरी खेकसावं, तर समोर फक्त फळा.

"दुसरी गेली," सुतार म्हणाला. मग बराच वेळ नुसता खोकला. "चाकू असता ना, सर. साधा चाकू."

"पाणी?"

"तिसरी सुटतेय. सुटली, सुटली!"

"सुतार, पाणी कुठे लागलंय विचारतोय मी."

उत्तर हळूच आलं, चोरी पकडल्यासारखं. "छातीला. अजून एक करतो."

"बाहेर ये."

"एकच, सर. हिचं टोक हातात आलंय."

सुताराला दोन लहान मुली होत्या. वर्गात तो कुत्रा झाला की त्या खिडकीतून टाळ्या पिटायच्या. कंपाउंडरने खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि जन्मात कोणावर ओरडला नसेल इतक्या जोरात ओरडला, "बाहेर ये म्हणतो ना! मी सांगतोय, मी! ये बाहेर!"

सुतार बाहेर आला. कोणाच्या तरी भिंतीवर चढून बसला. फोन मात्र त्याने बंद केला नाही, कंपाउंडरनेही केला नाही. मागे चार गाई हंबरत होत्या. मग तीन. कंपाउंडरला फोन ठेवता आला असता. त्याचा हात उचललाच गेला नाही. शेवटी नुसतं पाणी ऐकू येऊ लागलं.

साडेअकराला धाकटी शाळेचा जिना चढून आली. नखशिखांत भिजलेली, खरचटलेली, काखेत एक करडू, आणि चेहरा असा फुललेला की लग्नातही नसेल. "दादा, अकराच्या अकरा! एक सोडली नाही. बाईंचा कुत्राही आणला, चावला मेला." तिने करडू बाकावर ठेवलं आणि मग भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

"किती?" तिने विचारलं.

"तीन वाचल्या."

"कोणत्या?"

ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने विचारलंच नव्हतं. एक, दोन, तीन असंच तो मोजत बसला होता. धाकटी वाट पाहत उभी राहिली.

पाणी उतरायला चार दिवस लागले. त्यानंतर धाकटीने जे तोंड सोडलं ते सुतारावर. रस्त्यात, नळावर, दुकानात, जो भेटेल त्याला. "एक हिसका द्यायचा होता. एक! बाक सोडायला मोठा शूर, माझ्या पोरींच्या वेळी हात गळाले." लोकांनी ऐकलं, माना हलवल्या. दुःखी बाईचं कोण खोटं मानणार? हळूहळू लोक दार-खिडकीच्या कामाला पलीकडच्या वस्तीतला सुतार बोलावू लागले. याच्या मुली शाळेतून रडत घरी आल्या. आणि हा बाबा रोज सकाळी धाकटीच्या पडक्या गोठ्यावर हजर. फळ्या तासायचा, खांब उभे करायचा, शिव्या ऐकायचा.

"मी सांगतो तिला," कंपाउंडर म्हणाला.

"नको, सर." सुताराने रंधा थांबवला. "एकट्या बाई आहेत. आपल्याच हाताने बांधून ठेवलं, हे कळलं तर त्या जिवंत राहतील का? मला बोलतात ते बरंय. मला नाहीच सोडवता आल्या, ते काय खोटं आहे?"

"सांगायला मी हवं होतं तुला. त्या रविवारी. तू नव्हतास."

"हो ना," सुतार म्हणाला, आणि पुन्हा रंधा मारू लागला. त्या दोन शब्दांत राग नव्हता. असता तर कंपाउंडरला बरं वाटलं असतं.

आठवडाभर त्याने कळ काढली. साहेबांचा कागद येऊन पडला होता: गाठी प्रशिक्षणाप्रमाणे होत्या का, होय किंवा नाही. त्यापुढची जागा तो रोज उघडून पाहायचा आणि मिटायचा. शेवटी एका दुपारी तो उठला आणि बहिणीच्या घरी गेला. धाकटी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाचलेल्या तिघींसाठी सरकी भिजवत होती. सवयीने सात जणींची घेतली होती आणि आता चौघींची कोरडी सरकी पुन्हा पोत्यात टाकत होती.

"मला तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "त्या गाठींचं."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"दादा, त्या चौघींच्या गळ्यातले दोर कोणी सोडले असं वाटतं तुला? मीच ना. मेलेल्या पोरींना दुसऱ्या कोणाला हात लावू दिला असता का मी?" तिने मान वर केली नाही. "चारही टोकं फासात होती. चोरटीने तर तिचं चावून चावून पिंजून काढलं होतं."

कंपाउंडर खाली बसला. म्हणाला, "मग त्या बिचाऱ्याला का गं—"

"मग कोणाला बोलू?" आता तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुला बोलू? त्या दिवशी तू हसला होतास, हुशार म्हणाला होतास. सगळं आठवतंय मला. पण तुला बोलले तर मला माहेर कुठलं उरतं? आणि स्वतःला बोलायला लागले, तर मी थांबायची नाही, दादा. मला माझी भीती वाटते. तो ऐकून घेतो. ऐकतो तोवर मी सकाळी उठते." तिने घमेलं पुढ्यात ओढलं. "वाईट आहे मी. सांग जा सगळ्यांना, हवं तर. मी नाही म्हणणार नाही."

त्याने हात पुढे केला, पण तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी त्याने तिच्या हातातलं घमेलं घेतलं, सरकी ढवळली आणि तिच्यासमोर ठेवून दिलं.

तो बाहेर आला. सुतार गोठ्याच्या चौकटीत खिळे मारत होता. त्याने आवाज खाली आणून विचारलं, "सर, सांगितलं नाहीत ना त्यांना?"

"नाही," कंपाउंडर म्हणाला. ते खोटंही नव्हतं.

तेवढ्यात धाकटी दारात आली. डोळे पुसून, पदर खोचून. "खिळा तरी सरळ मार रे," ती ओरडली, रस्त्यावर ऐकू जाईल अशी. "की तेवढंही जमत नाही?"

"हो, ताई," सुतार म्हणाला. खिळा सरळच होता. त्याने तो हातोडीने उचकटून काढला आणि त्याच भोकात पुन्हा मारू लागला.