बोअरच्या पाण्याचा वर्ग

अंजना रामटेके अमेरिकेतल्या टॅल्मन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, एक्स्टेन्शन ऑफिसात लागली तेव्हा तिच्या नवऱ्याला, कुशलला, वाटलं होतं की वर्षभरात ही कंटाळून परत येईल. कुशल बॉथेलला एका बायोटेक कंपनीत होता. घर तिथं, मुलगी पायल तिथल्याच शाळेत. टॅल्मन डोंगररांगेच्या पलीकडे, गाडीनं सव्वातीन तास. सोमवारी पहाटे निघायचं, आठवडाभर एका म्हाताऱ्या बाईच्या घरी भाड्याच्या खोलीत राहायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी परत यायचं. सहा वर्षं झाली तरी अंजना कंटाळली नाही.

ऑफिस म्हणजे कोर्टाच्या मागच्या बैठ्या इमारतीतल्या तीन खोल्या. विद्यापीठ आणि काउंटी मिळून ते चालवत, आणि तिथं येईल त्याला फुकट शिकवायचं एवढंच काम. कुणी बरणीत किडा घालून आणायचं आणि विचारायचं, हा माझी चेरीची झाडं का खातोय? बायका बीन्स डबाबंद करायच्या आधी आपल्या मोठ्या कुकरच्या झाकणावरचा काटा बरोबर आहे का ते बघून जायच्या. जत्रेतल्या स्पर्धेसाठी डुकरं पाळणारी शाळकरी मुलं खाद्य किती द्यायचं ते शिकायची. माती आणि पाणी हे अंजनाचं खातं. बाकी सगळं डोरीन बघायची. डोरीन तिथं एकतीस वर्षं होती आणि काउंटीतल्या निम्म्या लोकांना तिनं लहानपणी डुकराबरोबर बघितलेलं होतं.

"आपल्याकडे कृषी सहायक असतो ना बाबा, तसंच," अंजनानं पहिल्यांदा वडिलांना सांगितलं होतं. शंकरराव भंडाऱ्याला मास्तर होते. मुलगी अमेरिकेत पीएचडी करून कृषी सहायक झाली याचं त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांच्या घरात बुद्धवंदना व्हायची, पण रोजच्या जगण्यातली श्रद्धा एकच होती: माणसाला कळलं की माणूस सुटतो. त्याच श्रद्धेवर त्यांनी तीन पोरी शिकवल्या.

गेल्या ऑक्टोबरात अंजनानं बोअरच्या पाण्याचा वर्ग लावला. दर बुधवारी संध्याकाळी सहा वाजता, सहा आठवडे. काउंटीचा दक्षिण भाग म्हणजे कांदा, मका आणि मोठमोठे गोठे. शेतात घातलेलं खत आणि गोठ्याचं शेण वर्षानुवर्षं जमिनीत मुरून नायट्रेट पाण्यात उतरलं होतं. गावात नळाचं पाणी होतं, पण बाहेर ज्याची त्याची बोअर, आणि ती कुणी तपासत नसे. इंग्रजी आणि स्पॅनिश पत्रकं तिनं स्वतः दुकानांत, चर्चमध्ये, कांद्याच्या पॅकिंग शेडमध्ये नेऊन लावली.

पहिल्या बुधवारी तिघं आली. दुसऱ्या बुधवारी दोघं. तिसऱ्या बुधवारी अंजना आणि डोरीन रिकाम्या खुर्च्यांसमोर कॉफी पीत बसल्या.

चौथ्या बुधवारी एक बाई आली. पंचविशीची, पॅकिंग शेडचं जॅकेट अंगात, पाच महिन्यांची गरोदर. नाव लुपे. तिनं कोकच्या बाटलीत पाणी भरून आणलं होतं. अंजनानं त्यात कागदी पट्टी बुडवली. पांढरी पट्टी आधी फिकी गुलाबी झाली, मग गडद होत होत जांभळटच झाली.

"हे दहाच्या आत पाहिजे," अंजना आपल्या मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली. "हे तीसच्या वर दिसतंय. लॅबला पाठवून खात्री करू. पण बाळाला हे पाणी द्यायचं नाही. दुधाच्या पावडरीत तर अजिबात नाही. बाळाच्या रक्तातून ऑक्सिजन जातो, बाळ निळं पडतं."

"उकळलं तर?"

"उकळल्यानं आणखी वाढतं. पाणी उडून जातं, नायट्रेट राहतं."

लुपेनं ती पट्टी उजेडात धरून बघितली. "चवीला तर चांगलंय," ती म्हणाली.

लॅबचा आकडा आला: अडतीस. लुपे पुढच्या दोन्ही बुधवारी आली. आपल्या शेजारच्या तीन घरांतलं पाणीही घेऊन आली. सगळ्यांची बोअर एकच होती, त्यामुळे आकडाही तोच. चार ट्रेलर, म्हणजे चाकांवरची घरं, चार कुटुंबं, आणि जागेचा मालक वेन स्टॉबर. अंजना खूश होती. सहा आठवड्यांत एकच माणूस नीट शिकून गेलं, पण ते शिकून शेजाऱ्यांपर्यंत गेलं. हेच तर हवं असतं.

रविवारी बॉथेलहून वडिलांना फोन लावला तेव्हा तिनं हे सगळं उत्साहानं सांगितलं. शंकररावांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"बोअर कोणाची आहे?"

"मालकाची. ते भाड्यानं राहतात."

"मग जपून," ते म्हणाले. "पाणी ज्याचं असतं ना बाई, त्याला ते घाण आहे म्हणून सांगितलेलं चालत नाही. तुझ्या आजीनं हे बघितलेलं आहे."

"बाबा, इथं कायदा आहे. हेल्थ डिपार्टमेंट आहे."

"असेल," शंकरराव म्हणाले.

हेल्थ डिपार्टमेंटकडे अर्ज करायचा तर राहणाऱ्या माणसाची सही लागत होती. लुपे नाही म्हणाली. "डॉक्टर, आमचं नाव कागदावर नको." ती अंजनाला डॉक्टरच म्हणायची. अंजनानं तिला दोनदा समजावलं. भाडं भरतेस, चांगलं पाणी मिळणं हा तुझा हक्क आहे. तक्रार केली म्हणून घराबाहेर काढता येत नाही, तसा कायदा आहे. तिनं तो कायदा स्पॅनिशमध्ये छापून आणून दाखवला. शेवटी ऑफिसातल्या टेबलावर, डोरीनच्या पेनानं, लुपेनं सही केली. सही करताना ती अंजनाकडे बघून हसली. वर्गात बरोबर उत्तर दिल्यावर मुलं बघतात तशी.

डिसेंबरात वेन स्टॉबरला पत्र गेलं. जानेवारीत चारही ट्रेलरच्या दारावर नोटीस लागली: पाण्याच्या दुरुस्तीसाठी जागा महिनाअखेर रिकामी करावी.

लुपेनं फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. "डॉक्टर, दुरुस्ती झाल्यावर परत येता येईल का, विचाराल?"

अंजनानं हेल्थ डिपार्टमेंटला फोन केला. तिथला माणूस सभ्य होता. मालक दुरुस्ती करतोय म्हणजे चांगलंच आहे, म्हणाला. फुकट सल्ला देणारी वकिलांची संस्था दोन काउंट्या सोडून होती. त्यांची सगळ्यात जवळची तारीख मार्चमधली होती.

मग वेन स्टॉबर स्वतःच ऑफिसात आला. सत्तरीचा, गुडघ्यानं अधू माणूस. दरवर्षी तो माती तपासायला आणायचा आणि अंजनानं सांगितलेलं खताचं प्रमाण तंतोतंत पाळायचा. त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली.

"नवी खोल बोअर मारणं मला झेपत नाही," तो म्हणाला. "आणि वापरू नका असं पत्र आल्यावर मी त्यांना तिथं ठेवलं आणि उद्या मूल आजारी पडलं, तर? तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं?"

"त्यांना पिण्याचं पाणी आणून देता आलं असतं."

"चार घरांना, कायमचं?"

तो उठला. दाराशी थांबून म्हणाला, "तुम्ही चांगल्या मनानं केलंत, मला माहीत आहे. पण काल त्यांच्याकडे वाईट पाणी आणि घर होतं. आज घर नाही."

तो गेल्यावर डोरीननं उठून दार लावून घेतलं. ती त्याच्याच चर्चमध्ये जायची. "तो वाईट माणूस नाही," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "त्यानं काय फरक पडतो म्हणा."

लुपे आणि तिचा नवरा जानेवारीच्या शेवटी गेले. आधी तिच्या बहिणीकडे, एका खोलीत सात माणसं. मग नवऱ्याला ओरेगनमध्ये काम मिळालं म्हणून तिकडे. अंजनानं दोन मेसेज पाठवले. दुसऱ्याला उत्तर आलं: मुलगी झाली. फोटो नव्हता. तिसरा मेसेज गेलाच नाही, नंबर बंद झाला होता.

"तू काय करणार होतीस आणखी?" कुशल म्हणाला. शुक्रवारची संध्याकाळ होती, तो भाजी फोडणीला टाकत होता. "यू डिड युअर जॉब, यार. सिस्टिमच तशी आहे."

"मी तिला सही करायला लावली, कुशल. ती नको म्हणत होती."

"तू फोर्स नाही केलंस."

"मी शिकवलं," अंजना म्हणाली. "ते फोर्सपेक्षा वाईट. फोर्स केलं असतं तर तिनं ऐकलं नसतं."

पायल फ्रिजपाशी उभी होती. तिनं विचारलं, "Mom, is the baby okay?" अंजनाला माहीत नव्हतं. तिनं तसंच सांगितलं.

मार्चमध्ये ऑफिसचं काय करायचं यावर काउंटीच्या बोर्डाची बैठक झाली. वरून येणारा निधी थांबला होता आणि काउंटीला तुरुंगाचं छप्पर बदलायचं होतं. लोकांना बोलायला तीन-तीन मिनिटं दिली. कुकरचा काटा तपासून घेणाऱ्या दोन म्हाताऱ्या बोलल्या, डुकरं पाळणाऱ्या मुलीचा बाप बोलला. वेन स्टॉबरही बोलला, ऑफिस ठेवा म्हणून. अंजना तक्ते घेऊन गेली होती: किती वर्ग, किती नमुने, किती माणसं. बोर्डाच्या अध्यक्षानं विचारलं, "या पाण्याच्या तपासणीतून किती बोअर सुधारल्या?"

"एकही नाही," अंजनानं खरं सांगितलं.

त्यानं मान हलवली. त्यात कुचकेपणा नव्हता, त्यानं फक्त लिहून घेतलं.

तीस जूनला ऑफिस बंद झालं. शेवटचा आठवडा आवराआवरीत गेला. पत्रकांचे गठ्ठे रद्दीत गेले, शेजारच्या काउंटीनं सूक्ष्मदर्शक नेला. डोरीननं किड्यांच्या बरण्या एकेक करून धुतल्या आणि कुणाला हव्या असतील तर म्हणून दाराबाहेर खोक्यात ठेवल्या. कुणी नेल्या नाहीत. निघताना तिनं अंजनाला मिठी मारली आणि म्हणाली, "मला आता सकाळी उठून काय करायचं तेच कळत नाही."

जुलैत अंजना खोलीतलं उरलेलं सामान न्यायला शेवटची टॅल्मनला आली. सामान गाडीत भरून झाल्यावर तिनं गाडी हायवेला न घालता दक्षिणेकडे वळवली. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. ट्रेलर ओसाड बघायचे असतील, कदाचित.

ट्रेलर ओसाड नव्हते. चारही ठिकाणी माणसं होती. दोरीवर कपडे वाळत होते, लहान मुलाची सायकल आडवी पडली होती. बोअरचं झाकण जसंच्या तसं, गंजलेलं. दुरुस्तीची काही खूण नव्हती, एका ट्रेलरच्या छपरावरचा नवा निळा पत्रा सोडला तर.

लुपेच्या ट्रेलरचं दार वाजवलं. एका मुलीनं उघडलं. विशीची असेल. कडेवर चार-पाच महिन्यांचं बाळ.

अंजनानं आपलं नाव सांगितलं आणि गडबडीनं बोलायला लागली. या बोअरच्या पाण्यात नायट्रेट आहे, गेल्या वर्षी मीच तपासलं होतं, अडतीस निघालं, बाळासाठी हे पाणी—

"माहितीय," मुलगी म्हणाली.

अंजना थांबली.

"आधी इथं राहायची ना, तिच्या बहिणीनं सांगितलं. शेडमध्ये माझ्याच लाइनवर आहे ती. आम्ही घर बघायला आलो तेव्हाच सांगितलं."

"मग तरीही?"

मुलीनं बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एवढं साधं कसं कळत नाही, असं काहीसं होतं.

"मार्चपासून गाडीत झोपत होतो," ती म्हणाली. "हा गाडीतच होता, दहा दिवसांचा असल्यापासून. त्याच्यासाठी बाटल्या आणतो आम्ही. नवरा शनिवारी गावात जातो तेव्हा."

"आणि शनिवारच्या आधी संपल्या तर?"

आतून भांड्यावर भांडं आपटल्याचा आवाज आला, कुणी तरी तिला हाक मारली. ती वळून "आले" म्हणाली.

"तुम्ही तक्रार नका करू," ती मग हळूच म्हणाली. "प्लीज. आम्हाला इथून काढतील."

"नाही करणार," अंजना म्हणाली.

"कुठल्या ऑफिसातून आलात तुम्ही?"

"कुठल्याच नाही."

मुलीला ते पटलं असावं. तिनं मान डोलावली आणि दार ओढून घेतलं. आपटलं नाही, हलकेच लावलं, बाळाचा हात चौकटीत येऊ नये म्हणून.

अंजना गाडीत येऊन बसली. ऊन मी म्हणत होतं. पलीकडच्या शेतात पाण्याचे फवारे गोल फिरत होते आणि रस्त्यापर्यंत ओल्या कांद्याचा वास येत होता. फोन वाजला. कुशल होता.

"निघालीस का?"

"निघतेय," ती म्हणाली, पण बराच वेळ तिनं गाडी सुरू केली नाही.