खोली मला हवीय

"आईवडिलांना आत थांबता येत नाही हो बाई," दार उघडणारा मुलगा म्हणाला. उंच, अनवाणी, हातात बिअरची बाटली. "तुमच्या मुलीला वर पाठवा आणि नंतर या न्यायला."

याकोमिनाने मागे वळून पाहिलं. मागे मुलगीबिलगी कुणी नव्हती. भिंतीला टेकवलेल्या सायकली होत्या आणि त्यांच्यावर उत्रेख्त शहराचा तो बारीक, चिवट पाऊस पडत होता.

"मला मुलगी नाही," ती म्हणाली. "मुलगा आहे. त्याला दोन पोरं आहेत आणि स्वतःचं घर आहे. खोली मला हवीय."

मुलगा हसला. ती हसत नाही म्हटल्यावर थांबला.

"म्हणजे… याकोमिना म्हणजे तुम्ही?"

"मीच. आणि तुम्ही म्हणू नकोस. खोली मागायला आलेल्याला कुणी अहो-जाहो करतं का?"

"नावावरून आम्हाला वाटलं, जुन्या वळणाच्या घरातली कुणीतरी मुलगी असेल."

"जुन्या वळणाची आहेच मी. आत येऊ की सायकलींबरोबर उभी राहू?"

तो बाजूला झाला. त्याचं नाव टाइमन. जिना उभा नि अरुंद होता, वर शिजलेल्या पास्त्याचा वास कोंडला होता. याकोमिनाच्या हातात दालचिनीच्या चिकट पावांची पिशवी होती. तिच्या गावचे पाव ते. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जायचं नाही, हे तिच्या अंगात इतकं भिनलेलं की नकार ऐकायला जातानाही ती काहीतरी घेऊन जायची. आणि सप्टेंबरपासून तिने नकारच ऐकले होते. किती घरं झाली ते मोजणं तिने कधीच सोडून दिलं होतं.

मालक इथे फक्त भाडं घेतो. खोली कुणाला द्यायची ते घरात आधीपासून राहणारी पोरं ठरवतात. संध्याकाळी दहाबारा जणांना बोलावून गोल करून बसवतात आणि स्थळ बघायला आल्यासारखं एकेकाला निरखतात. आवडलं तर दुसऱ्या दिवशी फोन. नाही आवडलं तर फोनच नाही.

याकोमिनाला सोफ्याच्या कडेला जागा मिळाली. शेजारी मेरेल नावाची अठरा वर्षांची मुलगी नखं खात बसली होती.

"माझी आई खाली गाडीत बसलीये," ती कुजबुजली. "तुम्ही कुणाच्या आई?"

"आज कुणाचीच नाही."

समोर घरातले तिघे बसले होते. टाइमन होता. गुबगुबीत, गप्प ओत्तो होता, त्याने पावांच्या पिशवीत केव्हाच हात घातला होता. आणि आखूड केसांची, सरळ पाठीची हिस्के होती. तिने याकोमिनाकडे एकदा पाहिलं आणि भुवया ज्या वर नेल्या त्या खाली आणल्याच नाहीत.

"सोप्यापासून सुरू करू," टाइमन म्हणाला. "तू भाजी असतास तर कुठली असतास?"

कुणी मिरची झालं, कुणी मका. मेरेल घाबरून "वाटाणा" म्हणाली. याकोमिनाची पाळी आली.

"बीट," ती म्हणाली. "भरपूर उकडल्याशिवाय कुणाला आवडत नाही. आणि एकदा हाताला लागलं की डाग लवकर जात नाही."

ओत्तो खो खो हसला. गोल जरा सैल झाला.

"आणि करतेस काय? म्हणजे, करायचीस?"

"पूल उघडायचे. आमच्याकडे कालव्यावर उचलता येणारा पूल आहे. जहाज आलं की भोंगा द्यायचा, दांड्या पाडायच्या, पूल वर घ्यायचा. दोन्हीकडच्या गाड्या थांबायच्या. डॉक्टर थांबायचा, नगराध्यक्ष थांबायचा, माझा नवरासुद्धा थांबायचा. शिव्या द्यायचा, पण थांबायचा. आता दूर कुठेतरी एका खोलीत बसून कॅमेऱ्यातून सगळे पूल उघडतात. मला घरी पाठवलं. आता विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकतेय."

"तत्त्वज्ञान?" एका उमेदवाराने विचारलं. "पण त्यात नोकरी कुठे मिळते?"

"नोकरी झाली माझी करून. लोक आधी शिकतात, मग नोकरी करतात. मी आधी नोकरी उरकून घेतली."

सगळे हसले. हिस्के हसली नाही.

"मला एक सांगा," ती म्हणाली. तिने मुद्दाम 'सांगा' म्हटलं. "तुमचं घर आहे ना तिकडे? इथे बसलेल्या कुणालाच ते नाही. मेरेल रोज तीन गाड्या बदलून येते. तुमचं सगळं जगून झालंय. मग एका विद्यार्थ्याची जागा तुम्ही का घ्यायची? तुमची पाळी होऊन गेली की."

मेरेलने नखं खायचं थांबवलं.

प्रश्न खोटा नव्हता. याकोमिनाने तो स्वतःलाही विचारला होता, तंबूत पडल्या पडल्या. गावचं भाड्याचं घर सोडून तिने शहराबाहेरच्या कॅम्पिंगच्या मैदानावर आपला तंबू ठोकला होता. त्या मैदानाचा मालक थंडी पडली की कुलूप लावायचा. येत्या रविवारी सगळ्यांनी निघायचं, असं त्याने सांगून टाकलं होतं. खोली मिळाली नाही तर पुढचा मुक्काम मुलाकडे. मुलगा रिनुस वाईट नव्हता. "आई, ये की गं इकडेच," तो म्हणायचा, "वॉशिंग मशिनच्या खोलीत पलंग बसतो. मुलांना सांभाळशील, तुझाही वेळ जाईल." तुझाही वेळ जाईल! वेळ जाण्याचीच तर तिला भीती होती.

"माझी पाळी झाली म्हणतेस," ती हिस्केला म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "कधी झाली ते सांग, म्हणजे मलाही कळेल. शाळेत होते तेव्हा आई अंथरुणाला खिळली, शाळा सुटली. मग लग्न झालं, तर सासरे आमच्याकडे राहायला आले ते मरेपर्यंत. मग पोर. मग नवरा आजारी, तोही वर्षानुवर्षं. सगळं केलं, रडत नाही केलं. पण पुलाच्या केबिनमध्ये दोन जहाजांच्या मध्ये जेवढं वाचता येतं तेवढंच मी वाचलंय. पान संपायच्या आत भोंगा व्हायचा. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले. तेव्हा मी विद्यार्थ्याची जागा घेत नाहीये. विद्यार्थी मी आहे."

हिस्केच्या भुवया खाली आल्या.

"बरं," टाइमन घसा साफ करत म्हणाला, "आम्ही तिघं जरा बोलतो. तुम्ही सगळे स्वयंपाकघरात थांबा. बिअर फ्रिजमध्ये आहे."

स्वयंपाकघर म्हणजे एक ओटा, एक खिडकी आणि बेसिनमध्ये भांड्यांचा डोंगर. तळाला करपलेली पातेली, वर ताटं, त्यावर कप, सगळ्यात वर कुणाचा तरी एक मोजा. पोरं दाटीवाटीने उभी राहून एकमेकांना विचारत होती, कुठल्या घरी काय विचारलं, कुणाला गाणं म्हणायला लावलं. याकोमिना मेरेलशी बोलत होती. मेरेल सांगत होती की आईला गाडी लावायला जागा मिळत नाही, ती इमारतीभोवती फेऱ्या मारतेय, आणि खोली नाही मिळाली तर वर्ष सोडावं लागणार. याकोमिना "हो का", "मग" म्हणत ऐकत होती.

टाइमन दारात आला आणि त्याने शीळ घातली.

"अरे वा!"

याकोमिनाने खाली पाहिलं. तिच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या. बेसिन रिकामं होतं. ओट्यावर ताटं उतरत्या मापाने रांगेत उभी होती, करपलेलं पातेलं आतून उजळलं होतं, आणि तिच्या हातात फडकं नि शेवटचा कप होता. हे आपण कधी केलं ते तिला आठवेना. मोजासुद्धा पिळून खिडकीत टाकलेला होता.

तिला स्वतःचाच असा राग आला की फडकं तिने जवळजवळ फेकलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तंबूवरचं पाणी झटकत होती तेव्हा फोन आला. स्पीकर चालू असावा. मागे ताटांचा आवाज येत होता.

"अभिनंदन!" टाइमन ओरडला. "खोली तुझी! दोन विरुद्ध एक!"

याकोमिना मटकन घडीच्या खुर्चीवर बसली. खुर्ची ओली होती, तिला कळलंही नाही. हा फोन तिने किती प्रकारे मनात वाजवला होता! शेजारच्या तंबूतला पोलिश सुतार तिच्याकडे पाहून लांबूनच हसला.

"खरंच?"

"खरंच! ओत्तो तर तुझे पाव खाऊनच पटला होता. आणि ते स्वयंपाकघर! आम्हाला माहीतच नव्हतं की ओट्याचा रंग पांढरा आहे."

"आपल्या घराला एक आई हवीच होती," ओत्तोचा तोंड भरलेला आवाज आला. "सूप येतं ना गं तुला, वाटाण्याचं?"

पाऊस तंबूवर टपटपत होता. एक 'हो' म्हटलं की छप्पर, खिडकी, विद्यापीठ सायकलवर दहा मिनिटांत. दोन दिवसांनी मैदानाला कुलूप. वाटाण्याचं सूप तिला झोपेत करता आलं असतं.

तीच तर भानगड होती. झोपेत.

"येतं," ती म्हणाली. "पण ऐका. मी तुमची आई म्हणून येणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे भाडं तुमच्याइतकंच देईन. संडास माझ्या पाळीला घासेन, तुमच्या पाळीला नाही. आठवड्यातून एकदा सगळ्यांचा स्वयंपाक, तुम्ही करता तसाच. काल भांडी घासली ती चूक होती. हाताला लागलेलं खूळ आहे ते, मी ते सोडवायलाच घरातून निघालेय. तुम्हाला आई पाहिजे असेल तर तुमच्या तुमच्या घरी आहे ना एकेक? तिला फोन करा, तीही वाट बघत असेल."

मग टाइमन, जरा उतरलेल्या आवाजात: "नाही म्हणजे… आम्ही त्याच हिशोबाने मत दिलं होतं."

"माहीत आहे. म्हणून तर आधी सांगितलं."

"मग आम्हाला पुन्हा विचार करावा लागेल."

"करा."

पूल वर असताना मोटारवाले हॉर्न वाजवायचे, पण तो काही तिने कधी लवकर खाली घेतला नव्हता.

फोनमध्ये खरखर झाली, कुणीतरी तो ओढून घेतला.

"याकोमिना? हिस्के बोलतेय. विरुद्धचं मत माझं होतं."

"वाटलंच मला."

"वयासाठी नाही. म्हणजे, आधी वयासाठीच होतं, खोटं कशाला बोलू. पण नंतर ती भांडी बघितली आणि मला धडकीच भरली. म्हटलं, ही आली की हे दोघं एक चमचा उचलणार नाहीत. आणि मग ही मला विचारायला लागेल, केस का नाही वाळवलेस, जेवलीस का. माझी एक आई आहे, बाई. ती पुरते."

"मी कुणाचे केस बघायला येणार नाही."

"तेच. तुला ते करायचंच नसेल तर माझं मत फिरलं. माझं हो." तिचा आवाज फोनपासून लांब गेला. "ओत्तो, तुझं काय? की सूप नाही तर माणूस नाही?"

मग ओत्तो म्हणाला, "माझं आहेच हो. पण ते पाव तरी…"

"पाव तुझ्या वाढदिवसाला," याकोमिना म्हणाली.

मेरेलला खोली मिळाली नाही, पण वर्ष तिने सोडलं नाही. शेवटची गाडी चुकली तर झोपायला ये, असं याकोमिनाने तिला सांगून ठेवलं. कधीतरी ती येते आणि जमिनीवर गादी टाकते. हिस्के म्हणते, हे आईपणच आहे. याकोमिना म्हणते, हा शेजारधर्म आहे, आणि गादी तिची ती घालते.

डिसेंबरातल्या एका सोमवारी याकोमिना व्याख्यानावरून परतली. दिवस चारलाच मावळायला लागला होता. स्वयंपाकघरात दिवा लावला तर बेसिनमध्ये डोंगर परत उभा. पातेली, ताटं, वर कुणाचा तरी मोजा. सोमवारची भांडी ओत्तोची. ओत्तो त्याच्या खोलीत गिटारशी झटापट करत होता, तेच तीन सूर, रोजचेच.

चहाला पाणी ठेवून ती बेसिनपाशी आली. ढिगाच्या मधोमध निळ्या काठाचा एक पत्र्याचा कप अडकला होता. तो तिचा. म्हणजे नवऱ्याचा, क्राइनचा. शेवटी शेवटी तो त्यातूनच पाणी प्यायचा. दुसरा कुठला कप त्याच्या हातात ठरायचा नाही. घरून आणलेलं तेवढंच एक भांडं.

तिने तो अलगद काढला. वरचं ताट घसरलं, तिने ते सावरलं. बाह्या वर घ्यायला हात आपोआप कोपराशी गेला. तिथेच थांबला.

तिने नळ सोडला आणि तो एक कप धुतला. आतून, बाहेरून, कानाच्या खाचेत बोट घालून. पुसला. त्यात चहा ओतला.

मग दिवा मालवून, बाकीचा सगळा ढीग अंधारात तसाच ठेवून, पुस्तक काखेत मारून ती जिना चढून गेली. वरून खोलीचं दार लावल्याचा आवाज आला. पान संपेपर्यंत ते उघडलं नाही.