पत्रात न लिहिलेलं काही

माझा भाऊ अ‍ॅम्ब्रोज अकरा वर्षांनी न्यू गिनीहून परत आला आणि होबार्टच्या धक्क्यावर पाऊल ठेवल्या ठेवल्या, मी कशी आहे हे विचारायच्याही आधी म्हणाला, "टॅमी, माझी पत्रं जपून ठेवली आहेस ना?" मला राग आला. अकरा वर्षं मी एकटीनं घर सांभाळलं, आईवडिलांच्या थडग्यांवरचं गवत काढलं, यानं तिकडच्या जंगलातून नमुने म्हणून पाठवलेल्या मेलेल्या पाखरांनी खोल्या भरून घेतल्या, आणि गृहस्थांना आठवण कसली, तर स्वतःच्या अक्षराची! पण तो इतका वाळला होता आणि कोट अंगावर असा लोंबत होता, की राग गिळून मी त्याच्या गळ्यात पडले आणि भर धक्क्यावर, माणसांदेखत, रडले. तो मार्चचा नववा दिवस होता.

पत्रांचं कारण घरी आल्यावर कळलं. त्याच्या रोजनिशा तिकडे वाळवीनं फस्त केल्या होत्या, लंडनचे प्रकाशक प्रवासाच्या पुस्तकासाठी मागे लागले होते, आणि उरलं होतं ते सगळं माझ्या पत्र्याच्या पेटीत, तारखेवार लावलेलं. पेटी घेऊन तो वरच्या खोलीत बसला तो बसलाच. दिवसभर वाचायचा, लिहायचा, जेवायला तेवढा खाली यायचा. मी खाली दक्षिणेच्या खिडकीशी त्याच पुस्तकासाठी पाखरांची चित्रं रंगवत असे.

या रंगकामात एक गोम आहे. पाखरू मेल्यावर पिसांचा रंग टिकतो, पण डोळ्यांचा तासाभरात उडतो. म्हणून मारणाऱ्यानं तिथल्या तिथे चिठ्ठीवर जागा, तारीख आणि डोळ्यांचा रंग लिहून ती पायाला बांधायची असते. माझ्यापर्यंत पोचतं ते नुसतं कातडं, त्याला कीड लागू नये म्हणून चोळलेल्या सोमलाच्या विषारी साबणाचा वास, आणि डोळ्यांच्या जागी कापसाचे बोळे. त्यांतलं एकही पाखरू मी जिवंत पाहिलेलं नाही. अ‍ॅम्ब्रोजनं 'डोळा नारिंगी' लिहिलं की मी नारिंगी भरते.

जेवताना तो तिकडच्या गोष्टी सांगायचा, आणि सांगायचा फार छान. एकदा मगरीची गोष्ट रंगात आली असताना मिसेस क्विल्टीनं मधेच तोंड घातलं. ही आमची आयरिश स्वैपाकीण. आम्हा दोघांना तिनं अंगाखांद्यावर वाढवलेलं, त्यामुळे तिच्या तोंडाला कुलूप घालायची कुणाची टाप नव्हती.

"मास्टर अ‍ॅम्ब्रोज, ती मगर मरू द्या. पाद्रीबुवांच्या बुटात मासा तुमच्यापैकी कुणी घातला होता, ते आता तरी सांगून टाका. बोलणी मी खाल्ली आहेत त्या माशापायी!"

अ‍ॅम्ब्रोजचा काटा हवेतच थांबला. चेहरा हसरा होता तसाच राहिला, पण त्या हसण्यामागे कुणी नव्हतं. मग तो म्हणाला, "मिसेस क्विल्टी, मटण छान झालंय हं." ती त्याच्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि भांडी उचलून आत गेली. आता मला तरी तो मासा कुठे आठवत होता! मी तेव्हा पाचएक वर्षांची असेन.

त्या दिवसापासून मात्र माझं लक्ष जाऊ लागलं. मगरीची ती गोष्ट त्याच्या तिकडच्या सहाव्या वर्षीच्या पत्रातली होती, शब्दाला शब्द. रोज तीच पत्रं वाचतोय, पाठ झाली असतील, असं मी मनाला समजावलं. पण जे पत्रात होतं ते सगळं त्याच्याजवळ होतं आणि जे पत्रात नव्हतं ते मुळीच नव्हतं. बाबांच्या तसबिरीपुढे तो पाहुण्यासारखा उभा राहायचा. मी बसेपर्यंत तो टेबलाशी ताटकळायचा, कारण आपली खुर्ची कुठली हे त्याला ठाऊक नसायचं. लांबच्या प्रवासानं माणूस बदलतो, असं म्हणून मी वेळ मारून नेत होते.

ऑगस्टमध्ये एक खोकं आलं. खोकी नेहमीच महिनेन् महिने उशिरा येतात, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही. वरच एक हिरवं कबुतर होतं आणि पायाला अ‍ॅम्ब्रोजच्या अक्षरातली चिठ्ठी: 'डोळा गुलाबी, कडेला निळा. २ मे.'

मी ती तीनदा वाचली. दोन मेला, आमच्याकडचा हिवाळा तोंडावर असताना, डोंगरावर पहिला बर्फ पडला होता आणि अ‍ॅम्ब्रोज माझ्यासमोर बसून, खांद्यावर माझी शाल घेऊन, सफरचंदाची खीर खात होता. कबुतर तसंच हातात घेऊन मी वर गेले.

"अ‍ॅम्ब्रोज, हे काय लिहिलंयस? दोन मे?"

त्यानं चिठ्ठी वाचली. "जंगलात कुठल्या आल्यात तारखा, टॅमी! जानेवारी कर तिथे," तो म्हणाला आणि पुन्हा पत्रात डोकं घातलं.

पाखराकडे त्यानं पाहिलंही नाही. ज्या माणसानं पाखरांपायी घरदार सोडलं, दोनदा हिवतापानं मरतामरता वाचला, त्याच्यासमोर मी कुठल्याही पुस्तकात नसलेलं कबुतर धरलं होतं, आणि त्याची नजर त्यावरून टेबलावरच्या दौतीवरून फिरावी तशी फिरली. मी काय करायला हवं होतं? ओरडायला हवं होतं. मी खाली आले आणि मुकाट्यानं 'मे' खोडून 'जानेवारी' केलं. अकरा वर्षं वाट पाहून मिळालेला भाऊ मला एका तारखेपायी घालवायचा नव्हता. माझं म्हणून दुसरं होतं कोण?

ऑक्टोबरात दुसरं खोकं आलं तेव्हा तो नदीकाठी फिरायला गेला होता. मी ते एकटीनं उघडलं. कापसाच्या थराखाली, अगदी तळाशी, माझ्या नावाचं पत्र होतं. तारीख तीस जुलै.

'प्रिय टॅमी, हे मी चोरून लिहितो आहे. तू इथे आलीस त्याला आज तीन आठवडे झाले. बोटीच्या शिडीवरून छत्री सांभाळत तू उतरलीस तेव्हा मी आनंदानं वेडा झालो होतो. आता मला भीती वाटते. जी आली आहे ती दिवसभर माझ्या पाखरांचे डोळे रंगवत बसते. तुझ्या पत्रांतला शब्दन् शब्द तिला येतो, पण त्याबाहेरचं काही विचारलं की हसते आणि भात वाढू का म्हणते. मी घरी जायचं म्हटलं तर काल मला म्हणाली, "अ‍ॅम्ब्रोज, आता कशाला जातोस? तू कधीच घरी पोचलास." टॅमी, तू होबार्टलाच असशील तर मला एक गोष्ट लिही. आपल्या दोघांचीच, कधीही पत्रात न लिहिलेली. मी ती हिला विचारीन आणि मग काय ते ठरवीन. पण लवकर लिही. मला इथून एकट्याला हलता येत नाही, आणि जेवण तीच करते.'

माझा भाऊ जिवंत होता. मी मोठ्यानं रडले, आणि रडता रडताच घड्याळ पाहिलं. टपालाची बोट चारला सुटणार होती आणि दोन वाजून गेले होते. मी कागद ओढला, लेखणी बुडवली. एक गोष्ट. फक्त एक.

अंगणातलं सफरचंदाचं झाड? ते तिसऱ्या वर्षीच्या पत्रात होतं. बाबांचा खोकला, आईची निळी टोपी, पुरात वाहून गेलेला कुत्रा, सगळं मी त्याला कधी ना कधी लिहिलेलं होतं. आणि आठवायला गेलं की कुत्रा दिसतच नव्हता, कुत्र्याबद्दलचं माझं वाक्य तेवढं दिसत होतं, त्यातल्या स्वल्पविरामासकट. घामानं माझा तळहात कागदाला चिकटला. मग एकदम तो मासा आठवला, आणि मी धावत स्वैपाकघरात गेले.

"मिसेस क्विल्टी, पाद्रीबुवांच्या बुटात मासा कुणी घातला होता? मी का त्यानं? चटकन सांगा, अ‍ॅम्ब्रोजच्या जिवाचा प्रश्न आहे!"

ती शिंपल्या उघडत होती. हातातली सुरी तिनं खाली ठेवली नाही, उलट टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सरकली.

"ते तुम्हाला ठाऊक असायला हवं, मिस टॅम्सिन. तिथे तुम्ही दोघंच होतात."

"अहो, मी पाच वर्षांची होते तेव्हा!"

"अकरा," ती म्हणाली. "अकरा वर्षांच्या होतात."

तिनं सुरी छातीशी धरली.

"मास्टर अ‍ॅम्ब्रोज आल्यावर त्यांना मी एकदाच विचारून पाहिलं," ती म्हणाली. "तुम्हाला विचारायचं सोडून तर आठ वर्षं झाली. या वयात मी जाऊ कुठे? दोन वेळचं रांधते आणि खोलीला आतून कडी घालते. मला यात ओढू नका, बाई, तुमच्या पाया पडते."

मी परत आले तेव्हा तो माझ्या टेबलाशी उभा होता. अ‍ॅम्ब्रोजचं पत्र त्यानं वाचलं होतं आणि नीट घडी घालून ठेवलं होतं.

"राहू दे, टॅमी," तो अगदी मायेनं म्हणाला. "मलाही आधी फार त्रास व्हायचा. सवय होते." आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

मला भीती वाटली, पण त्याची नाही. साऱ्या जगात एकच माणूस मला टॅम्सिन म्हणून ओळखत होता, तो तिकडे न्यू गिनीत माझ्या उत्तराची वाट पाहत होता, आणि माझ्याजवळ त्याला द्यायला काहीही नव्हतं. आठवत नाही असं लिहिलं तर मी कोण, हे त्याला कळणार होतं. मग मलाही कळलं असतं.

बोटीचा पहिला भोंगा झाला. मी नवा कागद घेतला, मिसेस क्विल्टीसारखं मोठं, वाकडं अक्षर काढलं, आणि एकदा लिहायला लागल्यावर लेखणी कुठेही अडली नाही.

'मास्टर अ‍ॅम्ब्रोज यांस, मिस टॅम्सिन तुमच्याकडे यायला जूनमध्येच निघाल्या. या घरात आता कुणी राहत नाही.'