प्रियदर्शनीनं ओवलेला धागा

"आदी नुसतं खर्र करायचं, आता दात खातंय," ओट्यावर तंबाखू मळत केरबा पुटपुटला.

विजयमालानं नवऱ्याचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनच्या पोटातला कापूस तिनं दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढला होता, तेल घातलं होतं, सुईसुद्धा बदलली होती. तरी चार टाके पडले की धागा तुटायचा.

मशीन सुनेचं, प्रियदर्शनीचं. ती तीन महिन्यांपूर्वी मेढ्याला माहेरी गेली ती गेलीच. इथं मलकापुरात सगळ्यांना सांगायचं, तिच्या आईला बरं नाही. शेजारणी दर आठवड्याला काळजीनं चौकशी करत, आणि तिकडे ती विहीण धडधाकट, रानात खुरपत असे.

सुनेनं ओवलेले धागे विजयमालानं कधी काढले नव्हते. रीळ संपलं की जुन्या धाग्याला नव्याची गाठ मारायची आणि हळूच ओढून घ्यायचं. गाठ सुईपाशी आली की कापून तेवढी सुई ओवायची. आतल्या दोन लुपरांमधली, म्हणजे खालून धागा फिरवणाऱ्या आकड्यांमधली, वाट मात्र सुनेच्या हातचीच राहायची. ती वाट आहे तोवर सूनही आपली आहे, असं काहीतरी तिनं मनाशी धरलं होतं. आज सकाळी गाठ अडकली आणि धागा सगळाच बाहेर आला. तिनं सात वेळा ओवून पाहिलं. आठव्यांदा तिनं चिमटा खाली ठेवला.

"तिला फोन कर की," केरबा म्हणाला. मशीनच्या निमित्तानं तरी पोर येईल, एवढंच त्याला सुचलं होतं. आत त्यांच्या मुलानं, जयराजनं, टीव्हीचा आवाज कमी केला.

विजयमालानं फोन लावला. प्रियदर्शनीनं लगेच उचलला. "आत्या, सुई आदी ओवलीसा का?"

"व्हय."

"तितंच चुकतंय. सुई मोकळी करा. आदी वरचा लुपर, मग खालचा. सुई शेवटाला."

फोन खांद्याशी दाबून विजयमालानं चिमट्यानं धागे ओवले. पायानं पेडल दाबलं. टाके सलग पडत गेले. तिकडे सून ऐकत होती. केरबा हातानं खुणावत होता, विचार, कवा येतीस म्हणून.

विजयमालानं पेडलवरचा पाय काढला. घर एकदम गप्प झालं.

"पोरी, जयराजनं तुला मारलं तवा मी हितंच बसली हुती. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून मशीन चालू ठिवलं. तू येऊ नगंस."